भेके, राहुल

भेके, राहुल : (६ डिसेंबर १९९० – ). भारतातील एक व्यावसायिक फुटबॉलपटू. बचावफळीतील खेळाडू म्हणून त्याची ख्याती आहे. जन्म मुंबई येथे. उजव्या बगलेचा बचावपटू व मध्यबचावपटू अशा दोन्ही जागी तो खेळला. मुंबई, कोलकाता, कोची, पुणे व बंगळूर या शहरांतील संघांचे त्याने प्रतिनिधित्व केले. २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात त्याने केलेला एकमेव गोल, त्याच वर्षी दोहा येथे आशियाई विजेत्या कतारविरुद्ध भारताने राखलेल्या बरोबरीतील त्याचा सहभाग आणि २०२२ मध्ये आशियाई चँपियन्स लीगमध्ये मुंबई सिटी संघास विजय मिळवून देणारा त्याचा गोल, या त्याच्या कारकीर्दीतील प्रमुख घटना होत. भारतीय फुटबॉलमधील नोकरदार खेळाडूंची परंपरा मागे पडून करारबद्ध खेळाडूंचा काळ सुरू झाला, त्या स्थित्यंतराचा इतिहासही या कारकीर्दीतून स्पष्ट होतो.

बचावपटूचे स्थान : फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव नोंदले जाते, गोल होऊ न देणाऱ्याची नोंद मात्र कोठेच राहत नाही. महाराष्ट्रातील वाचकास हे कबड्डीच्या उदाहरणावरून सहज समजण्यासारखे आहे. चढाई करणाऱ्या गड्याचे गुण प्रेक्षक मोजतात. परंतु कोपऱ्यात उभे राहून योग्य क्षणी पकड करणाऱ्या गड्याशिवाय डाव राखता येत नाही. फुटबॉलच्या आरंभीच्या काळात दोन बचावपटू, तीन मध्यफळीतील खेळाडू व पाच आघाडीचे खेळाडू अशी रचना रूढ होती. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलून आक्रमक खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असणे पुरेसे ठरविण्यात आले. त्यामुळे गोलांची संख्या वाढली व बचावासाठी तिसरा खेळाडू मागे घेणे भाग पडले. पुढे चार बचावपटूंची रचना सर्वत्र मान्य झाली. या रचनेत बगलेच्या बचावपटूस आपली बाजू राखून आक्रमणासही साहाय्य करावे लागते, तर मध्यबचावपटूवर हवेतील चेंडू परतविण्याची व सहकाऱ्यांची रांग नीट ठेवण्याची जबाबदारी असते. भेके या दोन्ही भूमिकांत वावरला. त्याचे बहुतेक महत्त्वाचे गोल कॉर्नर किकसारख्या प्रसंगी पुढे जाऊन डोक्याने मारलेले आहेत.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुंबईत फुटबॉलचा प्रसार ब्रिटिश लष्करी पलटणींमुळे झाला. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक असून शतकाहून अधिक काळ तिने मुंबईच्या कूपरेज मैदानाला देशव्यापी महत्त्व मिळवून दिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही स्पर्धा बंद पडली. संतोष करंडक स्पर्धेत मुंबईने १९५४ मध्ये व महाराष्ट्राने १९६३–६४ च्या हंगामात अजिंक्यपद मिळविले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या फुटबॉलचा मुख्य आधार कंपन्यांचे संघ हाच होता. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया इ. संस्थांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपापले संघ उभे केले. या पद्धतीत खेळाडूस मोठे मानधन मिळत नसे. तथापि खेळ संपल्यानंतरही नोकरी टिकून राही. दुखापतीचा धोका नेहमीचाच असलेल्या बचावपटूस ही हमी विशेष मोलाची होती.

मराठी भाषक समाजात फुटबॉलचा प्रसार सर्वत्र सारखा झाला नाही. कोल्हापुरात तालमींच्या संघांनी हा खेळ पेठापेठांत रुजविला व तेथे तो लोकखेळ बनला. याउलट पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) यांसारख्या डोंगरी तालुक्यांत कुस्ती व कबड्डी यांनाच जत्रायात्रांतून मान मिळाला; फुटबॉल हा छावणीचा व शहरी शाळांचा खेळ राहिला. मुंबईतही मराठी मुलांचा ओढा मुख्यत्वे क्रिकेट, कबड्डी व खोखो यांकडे होता. राष्ट्रीय संघाच्या बचावफळीत पोहोचलेल्या मराठी नावाच्या खेळाडूंची संख्या मोजकीच भरते, याचे एक कारण या परिस्थितीत आढळते. अशा खेळाडूंत भेकेच्या आधीच्या पिढीतील गोव्याचा महेश गवळी (जन्म १९८०) याचे नाव अग्रगण्य आहे. २००३ मध्ये जाकार्ता येथे आसियान क्लब अजिंक्यपद मिळविणाऱ्या ईस्ट बेंगॉल संघात तो होता. पुढे महिंद्र युनायटेड व धेंपो या संघांकडून तो खेळला व अनेक वर्षे भारतीय बचावफळीचा आधार ठरला.

व्यावसायिक फुटबॉलची घडण : १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली आणि २०१४ मध्ये शहरांच्या नावाने बांधलेल्या संघांची इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली. या बदलांमुळे मानधन वाढले, परदेशी प्रशिक्षक व खेळाडू आले आणि दूरचित्रवाणीमुळे प्रेक्षकवर्ग विस्तारला. दुसरीकडे, कंपन्यांचे जुने संघ एकामागून एक बंद पडू लागले. १९६२ मध्ये स्थापन झालेला व २००५–०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये विसर्जित करण्यात आला. देशाच्या पहिल्या श्रेणीत मुंबईचे स्थान टिकविण्याचा भार मग मुख्यत्वे २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या संघावर पडला. कूपरेज मैदानाची पुनर्रचना चालू असताना या संघाला आपले घरचे सामने काही काळ पुण्याजवळील बालेवाडी येथे खेळावे लागले.

प्रारंभीची कारकीर्द : भेके आय-लीगमध्ये प्रथम नावारूपास आला तो याच मुंबई एफसी संघातून. संघाचे प्रशिक्षक खालिद जमील होते. ते स्वतः महिंद्र युनायटेडचे माजी खेळाडू असून २००९ ते २०१६ या काळात त्यांनी मुंबई एफसीची धुरा सांभाळली. संघाची आर्थिक कुवत बेताची असल्याने बचाव भक्कम राखून गुण मिळविण्यावर त्यांचा भर असे. आघाडीला नामांकित खेळाडू नसलेल्या संघात बचावपटूला प्रत्येक सामन्यात दीर्घ काळ दडपणाखाली खेळावे लागते. भेकेची जडणघडण अशा वातावरणात झाली.

२०१४ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बेंगॉल संघात दाखल झाला. १९२० मध्ये स्थापन झालेला हा संघ प्रामुख्याने पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांचा मानबिंदू मानला जातो. मोहन बागानविरुद्धच्या त्याच्या सामन्यांना होणारी गर्दी व त्यांत चुकांची न होणारी क्षमा यांमुळे बाहेरून आलेल्या बचावपटूची येथे कसोटी लागते. खेळासाठी घर सोडणे हे फुटबॉलच्या इतिहासात नवे नाही. ज्या देशांत हा खेळ लोकप्रिय असूनही स्थानिक संघ दुर्बळ आहेत, तेथील उत्तम खेळाडू शेजारच्या संपन्न केंद्राकडे ओढले जातात. आयर्लंडचा विख्यात बचावपटू पॉल मॅग्रा हा डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक या संघातून १९८२ मध्ये मँचेस्टर युनायटेड संघात गेला व पुढे १९९० आणि १९९४ च्या विश्वचषक स्पर्धांत आयर्लंडकडून खेळला. आयरिश खेळाडूंच्या दृष्टीने इंग्लंडचे जे स्थान, तेच मुंबईच्या खेळाडूंच्या दृष्टीने दीर्घ काळ कोलकाता व गोवा यांचे होते.

त्या काळी आय-लीग व इंडियन सुपर लीग या स्पर्धा वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत होत. त्यामुळे एकाच वर्षात खेळाडू आपल्या मूळ संघाकडून एका स्पर्धेत व उसन्या संघाकडून दुसऱ्या स्पर्धेत उतरू शके. याच पद्धतीने भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून व २०१६ मध्ये पुणे सिटीकडून खेळला. केरळचा संघ २०१५ मध्ये गुणतक्त्यात तळाला राहिला. दर काही महिन्यांनी प्रशिक्षक, सहकारी व भाषा बदलत असता बचावफळीतील परस्परसामंजस्य निर्माण होणे कठीण असते. आघाडीचा खेळाडू एकट्याच्या कौशल्यावर सामना फिरवू शकतो. बचावपटूचे यश शेजारच्या तिघांवर अवलंबून असते. त्या काळातील अल्पमुदतीच्या करारांचा जाच बचावपटूंना अधिक झाला, तो यामुळेच.

भेकेने सोडल्यानंतर यांपैकी काही संघ फार काळ टिकले नाहीत. मुंबई एफसी संघ २०१७ मध्ये आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला व त्यानंतर बंद पडला. पुणे सिटी संघ २०१९ मध्ये विसर्जित होऊन त्याचे स्पर्धेतील स्थान हैदराबादकडे गेले. महाराष्ट्रातील ज्या दोन संघांकडून तो आरंभीच्या काळात खेळला, ते दोन्ही अशा रीतीने इतिहासजमा झाले. खेळाडूची कारकीर्द संघापेक्षा दीर्घ ठरावी, हा या कालखंडातील भारतीय फुटबॉलचा एक विपरीत विशेष होय.

बंगळूर येथील यश : २०१७ मध्ये भेके बंगळूर एफसी संघात आला. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने आय-लीगमध्ये दोनदा अजिंक्यपद मिळवून त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश केला होता. येथे भेकेला प्रथमच सलग चार हंगाम एका संघात स्थैर्याने खेळता आले. २०१७–१८ मध्ये साखळीत अग्रस्थान मिळवूनही अंतिम सामन्यात बंगळूर संघ चेन्नईयिनकडून २–३ असा पराभूत झाला. पुढील महिन्यात भुवनेश्वर येथे झालेल्या सुपर कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ईस्ट बेंगॉलवर ४–१ असा विजय मिळविला. आपल्या जुन्या संघाविरुद्धच्या या सामन्यात बंगळूर पिछाडीवर असता बरोबरीचा गोल भेकेने केला.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरी येथील शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बंगळूर व गोवा या संघांत झाला. निर्धारित ९० मिनिटांत गोल झाला नाही. अतिरिक्त वेळेच्या पूर्वार्धाच्या अखेरीस गोव्याचा मध्यफळीतील खेळाडू अहमद जाहू यास मैदानाबाहेर जावे लागले. ११७ व्या मिनिटास दिमास देल्गादो याने मारलेल्या कॉर्नर किकवर भेकेने डोक्याने चेंडू गोलात धाडला व बंगळूरने १–० असा विजय मिळविला. साखळीत पहिला क्रमांक मिळवून अंतिम विजेतेपदही पटकाविणारा हा त्या स्पर्धेतील पहिलाच संघ ठरला. मुंबईत जन्मलेल्या खेळाडूने मुंबईच्याच मैदानावर मिळविलेला हा विजय दुसऱ्या राज्यातील संघाच्या नावावर नोंदला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द : इतके यश मिळेपर्यंत भेके राष्ट्रीय संघाकडून एकही सामना खेळला नव्हता. ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील बुरीराम येथे किंग्ज कप स्पर्धेत क्युरासावविरुद्ध त्याने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. क्रोएशियाचे माजी बचावपटू इगोर स्टिमाच यांचा भारताचे प्रशिक्षक म्हणून हा पहिलाच सामना होता. भारत तो १–३ असा हरला.

१० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतारने त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानला नमवून आशियाई अजिंक्यपद मिळविले होते. आदल्याच आठवड्यात भारत गुवाहाटीत ओमानकडून १–२ असा हरला होता. शिवाय कर्णधार सुनील छेत्री आजारपणामुळे खेळू शकला नाही. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याच्याकडे नेतृत्व होते. त्याच्यापुढे उजवीकडे भेके, मध्यभागी संदेश झिंगन व आदिल खान आणि डावीकडे मंदार राव देसाई अशी बचावफळी उभी राहिली. यांपैकी आदिल खान व मंदार राव देसाई हे गोव्याचे. सहा महिन्यांपूर्वीच्या अंतिम सामन्यात मंदार पराभूत गोवा संघाकडून भेकेविरुद्ध खेळला होता. कतारने सामन्यात वारंवार हल्ले चढविले, तथापि गोल होऊ शकला नाही व सामना ०–० असा बरोबरीत सुटला. आघाडीच्या खेळाडूंच्या नव्हे, तर बचावफळी व गोलरक्षक यांच्या कामगिरीसाठी लक्षात राहिलेला हा भारताचा एक दुर्मिळ सामना होय.

याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या परतीच्या सामन्यात भेकेस उलट अनुभव आला. ३ जून २०२१ रोजी दोहा येथेच झालेल्या या सामन्यात चेंडू हाताला लागल्याबद्दल त्यास दुसरे पिवळे कार्ड दाखविण्यात आले व सतराव्या मिनिटासच मैदान सोडावे लागले. उरलेला सर्व वेळ भारत दहा खेळाडूंनिशी खेळला व ०–१ असा पराभूत झाला. बचावपटूच्या कार्यातील जोखीम या दोन सामन्यांच्या तुलनेवरून ध्यानात येते. आघाडीच्या खेळाडूची हुकलेली संधी थोड्या वेळात विसरली जाते. परंतु बचावपटूच्या एका क्षणाच्या चुकीची किंमत संपूर्ण संघास मोजावी लागते.

जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत भारतीय बचावफळीत भेकेचा समावेश होता. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सिरिया यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने भारताने एकही गोल न करता गमावले. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध त्याने केलेल्या गोलामुळे भारताने १–१ अशी बरोबरी साधली. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीववर मिळविलेल्या ३–० अशा विजयातील पहिला गोल त्याचाच होता. वर्षाहून अधिक काळानंतर भारताला मिळालेला हा पहिला विजय होय. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले व मुंबई एफसीतील जुने गुरुशिष्य राष्ट्रीय संघात पुन्हा एकत्र आले. त्यानंतर लगेचच मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स कप स्पर्धेत ८ सप्टेंबर २०२५ रोजी ओमानला पेनल्टी किकवर ३–२ असे हरवून भारताने तिसरा क्रमांक मिळविला. यांतील एक पेनल्टी भेकेने यशस्वी केली.

मुंबईस पुनरागमन : २०२१ मध्ये भेके मुंबई सिटी संघात दाखल झाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चँपियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबवर २–१ असा विजय मिळविला. मुंबईचा संघ प्रथम पिछाडीवर होता. दिएगो मॉरिसिओ याने पेनल्टीवर बरोबरी साधल्यानंतर ७५ व्या मिनिटास भेकेने डोक्याने विजयी गोल केला. आशियातील या सर्वोच्च क्लब स्पर्धेत भारतीय संघाने मिळविलेला हा पहिला विजय होय. मुंबईच्या संघाने गटात दुसरा क्रमांक मिळविला. २०२२–२३ मध्ये मुंबई सिटीने साखळीतील अग्रस्थानाची ढाल जिंकली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३–१ असे नमवून त्याने इंडियन सुपर लीगचे विजेतेपदही मिळविले. त्या वेळी संघाचा कर्णधार भेके होता. पुढील हंगामासाठी तो पुन्हा बंगळूर संघात गेला. एप्रिल २०२५ मध्ये बंगळूर संघ अंतिम फेरीत पोहोचला. परंतु मोहन बागानकडून अतिरिक्त वेळेत १–२ असा पराभूत झाला.

मूल्यमापन : भेकेची प्रसिद्धी मुख्यतः त्याच्या गोलांमुळे झाली असली, तरी त्याच्या कारकीर्दीचे खरे महत्त्व त्याच्या सातत्यात आहे. उजवी बगल व मध्यभाग या दोन्ही जागी खेळण्याची तयारी, हवेतील चेंडूवरील प्रभुत्व व मोठ्या सामन्यांतील शांतपणा हे त्याच्या खेळाचे गुण होत. राष्ट्रीय संघातील त्याचा उशिरा झालेला प्रवेश हा केवळ निवडीचा प्रश्न नव्हता. ज्या वयात बचावपटू एका प्रशिक्षकाच्या व स्थिर संघाच्या छायेत परिपक्व होतो, त्या वयात त्याला उसन्या संघांतून फिरावे लागले. बंगळूर येथे स्थैर्य लाभताच दोन वर्षांत तो भारताकडून खेळू लागला. जुन्या कंपनी-संघांनी खेळाडूस उपजीविकेची हमी दिली, पण खेळाची क्षितिजे मर्यादित ठेवली. नव्या स्पर्धांनी आशियाई पातळीवरील संधी दिली, पण संघांचे आयुष्य अनिश्चित केले. महेश गवळीच्या पिढीने या स्थित्यंतराचा आरंभ पाहिला. पुढे गवळी राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक झाला. ४ जुलै २०२३ रोजी बंगळूर येथे दक्षिण आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्टिमाच यांच्यावर बंदी असल्याने संघाची सूत्रे त्याच्याकडे होती व भारताने कुवेतला पेनल्टी किकवर ५–४ असे नमविले.

महाराष्ट्रात राष्ट्रीय दर्जाचे बचावपटू पुढेही निर्माण व्हावयाचे असतील, तर टिकाऊ संघ व जिल्हास्तरीय साखळी स्पर्धा यांची गरज आहे. बालेवाडीचे मैदान पुणे जिल्ह्यात असले, तरी त्याच जिल्ह्याच्या भोर-वेल्ह्याकडील डोंगरी गावांपर्यंत हा खेळ पुरेसा पोहोचलेला नाही. तालमींच्या आधारे कोल्हापुरात तो टिकून राहिला, यावरून संघामागे स्थानिक समाज उभा असणे किती आवश्यक आहे, हे दिसून येते.